कचेरीतला चाकू

आप्पा,

तुमच्या चाकूची मला किळस यायची. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, तुम्हालाही. तरी सुरुवात तिथूनच करते, कारण दुसरीकडून सुरू केलं तर मी गोडगोड लिहायला लागेन, आणि गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायला फारशी अक्कल लागत नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज रविवारची दुपार आहे, उन्हामुळे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि मी स्वयंपाकघरात कागद घेऊन बसले आहे. शुक्रवारी कचेरीत एका बाईनं मला एक साधा प्रश्न विचारला आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही.

पण आधी चाकू. बोटाएवढा होता तो. काळी मूठ, तिच्यावर पितळेच्या दोन टिकल्या, आणि पातं उघडायला नखापुरती खाच. गड्ड्याच्या जत्रेत घेतलेला. तो तुमच्या खाकी पँटच्या चोरखिशात असायचा, आणि घरात असलात की दर पाच मिनिटांनी बाहेर यायचा. तुम्ही कचेरीत शिपाई होता, आणि शिपाई माणसाचं तुमच्या म्हणण्याप्रमाणे ‘चाकू आन् काडेपेटीबिगर भागत न्हाय’. त्या चाकूनं तुम्ही सुतळी कापायचात, पोत्याची शिवण उसवायचात, माझ्या पेन्सिलीला टोक करायचात, आईची औषधाची गोळी अर्धी करायचात. इथवर ठीक आहे. पण त्यानंच मोरीच्या जाळीत अडकलेले केस ओढून काढायचात, नखातली घाण काढायचात, आणि जेवण झालं की भिंतीला टेकून त्याच टोकानं दातातली बडीशेप. मग पातं मांडीवर पुसायचं, एकदा उलटं, एकदा सुलटं. तुमच्या प्रत्येक पँटीवर उजव्या मांडीला तेलकट काळा पट्टा होता, आई तो घासून घासून थकली. आणि त्या दोन पुसण्यांनंतर तो चाकू तुमच्या मते स्वच्छ झालेला असायचा आणि कांदा कापायला मोकळा.

सगळ्यात वाईट ती भोवरी. उजव्या तळपायाला, करंगळीच्या खाली, चालून चालून झालेली. सुट्टीच्या दिवशी तुम्ही पाय कोमट पाण्यात बुडवून बसायचात आणि कातडी मऊ झाली की वर्तमानपत्र पसरून, जीभ ओठात धरून, पापुद्रा पापुद्रा कापायला लागायचात. पिवळट, जाड, जुन्या मेणासारखे ते तुकडे. मला बघवायचं नाही आणि नजरही हलायची नाही. कागद गुंडाळून झाला, चाकू मांडीवर दोनदा पुसून झाला, की तुम्ही पिशवीतून पेरू काढायचात आणि पहिली फोड माझ्यापुढे धरायचात. ‘घे बाळा, लई गोड हाय.’ मी ती घ्यायची, तोंडाजवळ न्यायची, आणि परसात जाऊन जास्वंदीच्या मुळाशी पुरायची. तीन-चार वर्षं मी तुमच्या हातच्या फोडी पुरल्या. जास्वंद मात्र फोफावली.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, चाकूची आंघोळ व्हायची. तुम्ही तो राखेनं घासून पाटावर ठेवायचात, कोयता, आईची विळी, माझा कंपास यांच्या रांगेत, आणि हळदकुंकू लावायचात. मग तुम्ही कचेरीतल्या पूजेला जायचात. तिथं टाइपरायटरांना आणि जीपला झेंडूचे हार असायचे, असं तुम्ही सांगायचात. दसऱ्यापर्यंत चाकूला हात लावायचा नाही. ते दीड दिवस मी पोटभर फळं खायची, आईनं विळीवर कापलेली.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी तो चाकू उगाच उघडत-मिटत बसले होते, टक टक आवाज छान यायचा. तुम्ही ओरडलात, ‘उगं उघड-मीट करू नगं, घरात भांडण लागतं!’ आणि मी घाबरून चाकू तुमच्या हातात द्यायला गेले तर आणखी ओरडलात. चाकू कुणाच्या हातात द्यायचा नसतो. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. एरवी पायाची कातडी आणि पेरू एका पात्यानं कापणारा माणूस, आणि या बाबतीत एवढा सोवळा! मला तेव्हाही हसू आलं होतं, पण भीतीनं दाबून टाकलं.

तर आता किस्सा. हा मी गेली कित्येक वर्षं सांगत आले आहे. कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, बदली होऊन कुणी नवं आलं की चहाच्या टेबलावर. माझ्या पर्समध्ये चाकू असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पार्सलची पट्टी, फायलींची फीत, वाढदिवसाचा केक, साहेबांच्या औषधाची गोळी, काही निघालं की हाक येते, ‘मॅडम, तुमचा चाकू!’ मी तो प्रत्येक वापरानंतर गरम पाण्यानं धुते, पुसते, स्वच्छ रुमालात गुंडाळते. लोक या धुण्याला हसतात. मग मी म्हणते, थांबा, का धुते ते सांगते, आणि किस्सा सुरू होतो.

मी अकरा वर्षांची. शनिवार, सकाळची शाळा. गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. त्या दिवशी पहाटे पहाटे तुम्ही पायावर पाणी घेऊन भोवरी कापलीत, कारण चप्पल टोचत होती, आणि घाईत डबा विसरून गेलात. शाळेतून आल्यावर आई म्हणाली, जा, देऊन ये. मी कडक भाकरीचा आणि शेंगाच्या चटणीचा डबा घेऊन कचेरीत जाते. पहिल्यांदाच आत जाते. मोठ्या साहेबांच्या खोलीत टेबलाभोवती चौघं बसलेत, हाफ डे संपत आलेला, गप्पा रंगल्यात. टेबलाच्या कडेला तुम्ही उभे, थोडे वाकलेले, ताटलीत पेरू कापताय. मीठ-तिखट लावून एकेक फोड पुढे जातेय. साहेबांच्या ओठाला तिखट लागलंय आणि ते मचमच आवाज करत खातायत. बिया जिभेनं पुढे आणून टेबलावरच्या वर्तमानपत्रावर थुंकतायत. शेजारचा एक जण मधेच म्हणतो, ‘अरे, पातळ काप ना.’ तुमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल तो. त्याच्यापुढे त्याची घरून आणलेली पाण्याची बाटली आहे, कारण तुमच्या हातचं पाणी त्याला चालत नव्हतं. त्याचं कारण आपल्यालाही ठाऊक होतं आणि त्यालाही. फळ चालायचं. फळाला काही लागत नाही म्हणे.

साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ‘कोण, तुझी मुलगी का रे? ये गं. घे फोड.’ त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. मी मान हलवली. ‘अगं घे, लाजतेस काय? आवडत नाही पेरू?’ आणि मी म्हणाले, मोठ्यानं, शाळेत कविता म्हणायच्या आवाजात, ‘मी नाही खाणार. आप्पांनी सकाळी त्याच चाकूनं पायाची भोवरी कापलीय.’

इथं सगळे हसतात. मग मी साहेबांची नक्कल करते. तोंडातला घास तळहातावर, डोळे मोठे, खुर्ची मागे, आणि बेसिनवर खळाखळा चुळा. बाटलीवाला कसा रुमालानं जीभ पुसत होता तेही करून दाखवते. ऐकणारे ‘ई!’ म्हणतात, पोट धरून हसतात, कुणी म्हणतं मॅडम तुम्ही नाटकात जायला हवं होतं. तुमचं किश्शात एकच वाक्य आहे. तुम्ही हातातल्या चाकूकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत, आणि म्हणालात, ‘लेकरू खोटं बोलत न्हाय, साहेब.’ यावर सगळ्यात जास्त हशा येतो. मी ते तुमच्याच आवाजात म्हणते.

त्यानंतरचं मी कुणाला सांगत नाही. घरी आल्यावर आईनं मला दोन धपाटे घातले, ‘आगाऊ कार्टी, कुटं काय बोलावं कळतं का?’ आणि तुम्ही तिचा हात धरलात. ‘मारू नगं. तिला आपुनच शिकवलंय की खरं बोलायला.’ सोमवारी कचेरीत नवा माठ आला. माठाला हात लावू नको असं तुम्हाला कुणी तोंडानं सांगितलं नाही. दुसऱ्या शिपायाला सांगितलं, उद्यापासून पाणी तू बघ. चहाही तोच बघू लागला. साहेबांच्या खोलीत फायली न्यायच्या तर तुम्ही दाराशी ठेवायच्या आणि त्यानं आत न्यायच्या. हे तुम्ही रोज रात्रीच्या जेवणाआधी आईला सांगायचात, बातमी सांगावी तसं, आणि मी भिंतीपलीकडे गृहपाठ करत ऐकायची. त्यांना निमित्तच हवं होतं, आप्पा. इतके दिवस ज्या कारणानं बाटल्या यायच्या ते कारण उघड बोलायची सोय नव्हती. मी त्यांना भोवरी दिली. आता ते चारचौघांत नाक मुरडून सांगू शकत होते की आम्ही का घेत नाही याच्या हातचं.

दोन महिन्यांनी तुमची माढ्याला बदली झाली. तिकडे माणूस कमी आहे म्हणाले. नऊ वर्षं तुम्ही सकाळची एसटी धरलीत, निम्मा रस्ता उभ्यानं, आणि पायाची भोवरी एकाची दोन झाली, दोनाची तीन. सुट्टीच्या दिवशी वर्तमानपत्रावर तुकडे वाढत गेले. आणि मला खरं सांगायचं तर तेव्हाही किळसच यायची. मी उठून आत जायची. मला फोड देणं तुम्ही बंद केलं होतं. पेरू आणायचात, आईपुढे ठेवायचात आणि म्हणायचात, इळीवर काप तिला.

परवा शुक्रवारी आमच्याकडे नवे साहेब आले, तिशीतला पोरगा. कुणीतरी पपई आणली होती. आमच्या शिपाई मावशी, तुमच्याच नोकरीत, तुमच्याच जागी म्हणा, त्यांनी माझा चाकू मागून घेतला, धुतला आणि ताटलीत फोडी केल्या. एवढ्यात कुणीतरी साहेबांना म्हणालं, मॅडमचा चाकूचा किस्सा ऐकलाय का? आणि मी सांगितला. सगळा, नकलांसकट. नवे साहेब खूप हसले. हसता हसता त्यांनी हातातली अर्धी फोड ताटलीच्या कडेला ठेवली आणि बोटं टिश्यूला पुसली. मग शेजारच्यानं ठेवली. मावशी ताटली घेऊन तिथंच उभ्या होत्या. कुणी त्यांना काही म्हणालं नाही, कुणाच्या मनातही नसेल, पण पपईला पुन्हा हात कुणी लावला नाही. मी पाहत होते. मीही लावला नाही.

पाच वाजता मावशी माझ्या टेबलाशी आल्या. चाकू धुऊन आणला होता. टेबलावर ठेवला, हातात दिला नाही. म्हणाल्या, ‘मॅडम, एक इचारू का? तुमचे वडील बोलले कसं न्हाईत की चाकू धुतला हुता म्हनून? आमी तर साहेबाचं खानं म्हनल्यावर चार डाव धुतो. त्येंनी न्हाय धुतला व्हय?’ मी म्हणाले, ‘माहीत नाही हो मावशी. मी लहान होते.’ त्या म्हणाल्या, ‘व्हय, लेकराला काय कळतंय,’ आणि गेल्या. मी चाकू रुमालात न गुंडाळताच पर्समध्ये टाकला.

‘लेकराला काय कळतंय’ हे मी आधीही ऐकलं होतं. मला नोकरी लागली त्या दिवशी. तुम्ही रिटायर झाला होता. मी नवी साडी नेसून जेवायला बसले होते, आई भाकरी शेकत होती. तुम्ही कपाटातून एक रुमाल आणलात, उलगडलात, आणि माझ्या ताटाशेजारी फरशीवर एक चाकू ठेवलात. तेवढाच, बोटाएवढा, तशाच पितळी टिकल्या, पण मूठ लाल. पातं असं चकचकीत की त्यात माझं कुंकू दिसत होतं. ‘घे. कचेरीत लागतो.’ मी अंग चोरलं. तुम्ही म्हणालात, ‘त्यो न्हवं गं. त्यो घरचा, काळा. ह्यो कचेरीतला. जोडीच घेतली हुती गड्ड्यात. ह्यो कदी घरी आणला न्हाय, पूजा बी तिकडंच. साहेब लोकांचं खाणं ते, येगळा नगं का?’

आईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं, भाकरी करपायला लागली. ‘म्हंजी त्या दिवशी...’

‘व्हय.’

‘आन् तुमी गप ऱ्हायला? चाकू दुसरा हाय म्हनायचं की! माढा टळला असता की वो!’

तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, ‘लेकराला काय ठावं. तिनं घरात एकच बघितला हुता. चारचौघांत तिला खोटं पाडू व्हय?’ आणि मला म्हणालात, ‘उचल की.’ मी उचलला नाही. दोन दिवस तो फरशीवर तिथंच होता, आई त्याच्या बाजूनं झाडून घ्यायची. तिसऱ्या दिवशी उचलला आणि पर्समध्ये टाकला. आईनं पुढे आयुष्यभर हेच सांगितलं, लेकराला काय ठावं. मीही तेच धरून बसले. फार सोयीचं होतं ते. त्यावर एवढा सुंदर किस्सा उभा राहिला.

आज सकाळपासून मी तो लाल चाकू तीनदा धुतला आहे. समोर ठेवला आहे. मला त्याची किळस येत नाही, येण्यासारखं त्यात काही नाही, कधीच नव्हतं. मला स्वतःच्या आवाजाची येते, त्या नकलेतल्या. हे पत्र मी मावशींना दाखवणार नाही. उद्या त्यांच्याशी बोलायचं असं काल ठरवलं होतं, आज पुन्हा वाटतंय की कशाला. हा कागद बहुतेक तांदळाच्या डब्याखाली जाईल, बाकीच्या पावत्यांबरोबर. म्हणून इथं तरी लिहिते.

ताटली साहेबांनी माझ्याकडे सरकवली तेव्हा मी तुमच्यापासून दोन हातांवर होते. तुम्ही पेरू कापत होता ते मी नीट पाहिलं. बी काढून, पातळ, एकसारख्या फोडी. प्रत्येक फोडीनंतर पातं एका धुतलेल्या पांढऱ्या फडक्याला पुसत होता, मांडीला नाही. घरी माझ्यासाठी तुम्ही असा पेरू कधी कापला नव्हता. तुम्हाला स्वच्छ कापता येत होतं. तुमच्याकडे स्वच्छ चाकू होता. तो त्यांच्यासाठी होता, त्या मचमच करणाऱ्या तोंडांसाठी, आणि मोरीचा, दातांचा, भोवरीचा तो माझ्यासाठी. मला इतका राग आला की त्यांच्या तोंडातला घास नासवावा असं वाटलं. माझा नासला होता तसा. तेवढंच करायचं होतं, तुमचं काही करायचं नव्हतं, पण तुम्ही मधे उभे होता.

तुम्ही चाकूकडे पाहिलंत आणि मग माझ्याकडे, तेव्हा माझी नजर कुठं होती हे तुम्हाला दिसलं असणार. तरी तुम्ही ते वाक्य बोललात.

लाल मूठ मला दिसली होती, आप्पा. आधी ती दिसली, मग मी बोलले.